वीरपत्नीचं कुंकू

शहिदाचं पार्थिव येतं तेव्हा आपला झाडीपट्टीचा मुलूख मागे राहत नाही, हे आधीच कबूल करतो. ब्रह्मपुरीच्या चौकापासून पार आडवळणाच्या खेड्यापर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना माणसं उभी राहतात. रोवणीचे दिवस असले तर बायका चिखलाच्या पायांनी बांधीतून वर येतात. दुकानं बंद करा म्हणून कुणाला सांगावं लागत नाही. बंदुकांची सलामी होते, ‘अमर रहे’चा गजर होतो, आणि त्या गर्दीतले डोळे खरोखर भरलेले असतात. त्या दुःखात खोट नाही.

मला बोलायचं आहे ते त्याच घरच्या अंगणात पुढे जे चालतं त्याबद्दल. घडी घातलेला तिरंगा घरच्यांच्या हाती येतो आणि आतून कुणीतरी म्हणतं, “आता रीत करून घ्या.” गावातल्या दोन-तीन म्हाताऱ्या विधवा पुढे येतात. पोरीचं कुंकू पुसतात, हातातल्या बांगड्या दगडावर फोडतात, गळ्यातलं आणि पायातली जोडवी काढून घेतात. सरपंच, पोलीस पाटील, तंटामुक्तीचे अध्यक्ष, शाळेचे गुरुजी, सगळे तिथेच असतात. माना खाली घालून उभे. एका गावानं एकाच माणसाच्या मरणावर नवऱ्याला अमर केलं आणि बायकोला अशुभ.

हा प्रसंग आपल्याकडे विरळा नाही. एकट्या 2009 सालात वैनगंगेपलीकडच्या गडचिरोली जिल्ह्यात 1 फेब्रुवारीला मरकेगावला 15, 21 मे रोजी हत्तीगोट्याला 16 आणि 8 ऑक्टोबरला लाहेरीला 17 पोलीस नक्षलवाद्यांच्या हल्ल्यांत मारले गेले. 2019 च्या महाराष्ट्रदिनी कुरखेड्याजवळ जांभुळखेड्याला सुरुंग फुटला आणि 15 जवान गेले. त्यांची खासगी गाडी चालवणारा चालकही गेला. पण आपण आजही ‘पंधरा’ म्हणतो, सोळावा धरत नाही. वर्दी नसली की आपलं गणित चुकतं. नक्षलवाद्यांशी लढायला 1990 मध्ये सी-60 पथक उभं राहिलं, त्यातली पोरं बहुतेक याच मातीतली. म्हणजे ज्या अंगणांबद्दल मी लिहितो आहे, ती परक्यांची नाहीत.

हत्तीगोट्याला मेलेल्या सोळांत पाच महिला पोलीस होत्या. 20 नोव्हेंबर 2021 रोजी ताडोब्यात वाघांच्या खुणांची पाहणी करताना वाघिणीनं मारली तीही महिला वनरक्षकच. आता मला सांगा, बाई कर्तव्यावर मेली तर तिच्या नवऱ्याच्या अंगावरून काय उतरवायचं, याची रीत कोणत्या जातीच्या पंचांनी ठरवून ठेवली आहे? कोणत्याच नाही. तो वर्षभरात दुसरं लग्न करतो आणि आपण जेवायलाही जातो.

21 ऑक्टोबर हा पोलीस स्मृतिदिन. 1959 साली याच दिवशी लडाखात हॉट स्प्रिंग्जजवळ चिनी सैनिकांच्या गोळीबारात 10 जवान पडले, त्यांच्या आठवणीचा. त्या दिवशी वीरपत्नीला पहिल्या रांगेत बसवतात, शाल-श्रीफळ देतात. पुढे तीन महिने व्हायच्या आत संक्रांत येते. गल्लीतल्या घराघरांत हळदीकुंकू होतं आणि वाणाचं ताट तिच्या दारावरून पुढे जातं. सरकारी मंडपात मानाची असलेली बाई शेजारणीच्या ओसरीवर चालत नाही.

त्याहून नवल म्हणजे, दिवाळीनंतर मंडई भरते, वडशाच्या कंपनीचं नाटक रात्रभर चालतं, त्यात विधवा सुनेवरच्या जाचाचा प्रवेश आला की हेच प्रेक्षक पदरानं डोळे पुसतात आणि तिला कुंकू लावणाऱ्या नटाला टाळ्या देतात. झाडीपट्टी रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आपल्याला केवढा अभिमान वाटला! नाटकातल्या विधवेसाठी रडायला तिकीट काढतो. खरी विधवा घरात असते, तिला नाटक पाहायला नेत नाही.

“आपल्याकडं असंच चालत आलं,” हे उत्तर मी अनेकदा ऐकलं आहे. तसं चालत आलेलं नाही. आपल्या पणजीच्या काळी शेतकरी जातींत आणि आदिवासींत पाट लागत असे. विधवा पुन्हा संसार मांडत असे. थोडी शेती झाली, पोरं नोकरीला लागली, आणि आपण वरच्यांचं पाहून पाट सोडला. पाटाला नावं ठेवली, बांगड्या फोडणं तेवढं जपलं. सरकारही फार पुढे होतं असं नाही. शौर्यपदक मिळालेल्या सैनिकाच्या विधवेनं दुसरं लग्न केलं तर पदकाचा भत्ता दिराशी लग्न केलं तरच चालू राहील, ही अट संरक्षण मंत्रालयानं काढली ती थेट नोव्हेंबर 2017 मध्ये.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं मे 2022 मध्ये ग्रामसभेत ठराव करून विधवा प्रथा बंद केली. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करायला सुचवलं. ते परिपत्रक आपल्या पंचायतीच्या कोणत्या फायलीत आहे, ग्रामसेवकाला विचारून पाहा. तुकडोजी महाराजांची खंजिरी याच चिमूर-ब्रह्मपुरीच्या रानात वाजली. गावोगावी संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना होते. महाराजांच्या ग्रामगीतेत महिलोन्नतीवर अध्याय आहे, अंत्यसंस्कारावरही आहे. प्रार्थनेला बसणारेच त्या अंगणात मुके उभे असतात.

“बायकाच बायकांना करतात,” असंही पुरुष सांगतात. 1890 साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं नाभिक एकत्र आले आणि विधवांचं केशवपन करणार नाही असं त्यांनी ठरवलं. ज्यांच्या हातून ते व्हायचं त्यांनीच वस्तरा खाली ठेवला. आपल्या अंगणात दगड ज्या म्हातारीच्या हाती देतात, तिला मात्र कुणी विचारलेलं नाही, की माय, तुझ्या बांगड्या कुणी फोडल्या होत्या, आणि तेव्हा तू केवढी होतीस? ती बोलत नाही. पदर कपाळापर्यंत ओढते आणि पोरीचा हात आपल्या मांडीवर घेते.