एका पांढऱ्या हत्तीचे संगोपन

‘पांढरा हत्ती पोसणे’ हा वाक्प्रचार आपण शाळेत शिकतो, त्याचा वाक्यात उपयोग करून दाखवितो, दोन गुण मिळवितो आणि विसरून जातो. परंतु गेल्या काही वर्षांत हा प्राणी पुण्या-मुंबईच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांतूनही खरोखरच नांदू लागला आहे. तो काचेचा असतो. वजनाला दीड किलोच्या आसपास भरतो. कॅनन कंपनीचा असला तर रंगानेही बहुधा पांढराच असतो. आणि नवा घ्यावयाचा म्हटले तर दोन लाख रुपयांच्या आगेमागे किंमत मागतो. छायाचित्रकार मंडळी त्याला ‘सत्तर-दोनशे’ म्हणतात, एखाद्या मोठ्या घराण्याचे आडनाव घ्यावे तशा आदराने.

ज्यांच्या घरी तो अजून आलेला नाही, त्यांना थोडी ओळख करून देतो. सत्तर आणि दोनशे हे भिंगाच्या नाभीय अंतराचे मिलिमीटर. तीन मीटरांवरून सत्तरावर पाहिले तर सोफ्यावर शेजारी-शेजारी बसलेली दोन माणसे चौकटीत मावतात. दोनशेवर नेले तर त्यांतल्या एकाचा चेहरा आणि खांदे एवढेच उरतात. मधले सगळे मुक्काम एका कड्याच्या वळशाने गाठता येतात, पाय हलवावे लागत नाहीत. ३५ मिलिमीटर कॅमेऱ्यासाठी असे झूम भिंग प्रथम विक्रीस आणले ते फोक्टलेंडर या जर्मन कंपनीने, १९५९ साली. फ्रँक बॅक यांनी ते सिद्ध केले होते आणि त्याचे नावच ‘झूमार’ होते. त्याच वर्षी जपानच्या निकॉननेही लांब पल्ल्याचे एक झूम काढले. परंतु त्या काळचे धंदेवाईक छायाचित्रकार झूमकडे, सोवळ्यातल्या आजीने उपाहारगृहातल्या मिसळीकडे पाहावे, तसे पाहत. एका पल्ल्याला एक भिंग, हा त्यांचा धर्म. कॅननचे सत्तर-दोनशे १९९५ साली आले तोवर हे सोवळे बरेच सुटले होते. आज लग्नात, मैदानात आणि मंत्र्यांच्या सभेत ज्याच्या-त्याच्या खांद्यावर हेच भिंग दिसते.

एवढे वजन कशापायी, असा प्रश्न घरातील गृहिणी प्रथम विचारते, आणि तो अगदी रास्त आहे. उत्तर तिसरीतल्या भागाकाराचे आहे. या भिंगावर एफ/२.८ असा आकडा असतो. दोनशेला २.८ ने भागा, ७१ येतात. म्हणजे दोनशेच्या पल्ल्यावर प्रकाशाचे दार ७१ मिलिमीटर रुंद उघडावे लागते आणि तोंडाशी काच निदान तेवढी तरी हवीच. याचे एक धाकटे भावंड एफ/४ चे असते. तिथे दोनशे भागिले चार, म्हणजे पन्नास. त्यातून प्रकाश निम्माच येतो. पण वजनही जवळजवळ निम्मेच असते. कॅननच्या २०१० सालच्या एफ/२.८ मध्ये काचेचे २३ तुकडे १९ गटांत बसविलेले आहेत आणि त्याचे वजन १४९० ग्रॅम आहे. २००६ सालचे एफ/४ मात्र ७६० ग्रॅमांत भागविते. म्हणजे आपण दोन लाख मोजतो आणि खांदा दुखवून घेतो, तो त्या उरलेल्या निम्म्या प्रकाशासाठी. अलीकडे या थोरल्यानेही मेद झडवला आहे. आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांसाठी २०१९ साली निघालेले एफ/२.८ हे १०७० ग्रॅमांवर आले. नऊ वर्षांत एवढे वजन घटविणे आमच्या घरात दुसऱ्या कोणालाही जमलेले नाही.

पांढऱ्या रंगाचेही कारण आहे, निव्वळ मिरवणे नव्हे. मोठ्या भिंगांत काचेच्या जोडीला फ्लोराइट नावाचा स्फटिक वापरतात. कॅननने असे भिंग १९६९ साली बाजारात आणले. हा स्फटिक उष्णतेने काचेपेक्षा अधिक फुगतो, तेव्हा उन्हात तापू नये म्हणून अंगाला पांढरा रंग. मैदानावर ओळीने पांढरी भिंगे दिसली म्हणजे कंपनीची फुकट जाहिरात होते, हा त्यातला बोनस.

आता हा निम्मा प्रकाश लागतो कुठे? शाळेच्या स्नेहसंमेलनात. तिथला रंगमंच म्हणजे एका कोपऱ्यात लाल दिवा, दुसऱ्यात निळा आणि मध्ये अंधार. आपले चिरंजीव नेमके त्या मध्यावर मावळा म्हणून उभे. पालकांना पुढे जाण्यास मनाई. बाराव्या रांगेतून मोबाइल उंचावणाऱ्या शंभर हातांत बहुतेकांना मिळतो तो एक पिवळट ठिपका, आणि तोच आपला बंड्या असे पुढे पंचवीस वर्षे पाहुण्यांना सांगावे लागते. मोबाइलला मी नावे ठेवणार नाही. भर दिवसा, अंगणात, त्याचे लांब पल्ल्याचे नवे भिंगही सुरेख काम करते. परंतु नखाएवढ्या भिंगातून किती प्रकाश येणार, याला सीमा आहे. तिथे ७१ मिलिमीटरचे दार कामाला येते.

दुकानदार ज्याचे फार गुणगान करतो, ते कंपन थोपविणारे यंत्र या प्रसंगी बाजूला ठेवावे. ते आपल्या हाताचा कंप सावरते. मावळ्याची उडी थांबवीत नाही. नाचणारे मूल स्पष्ट हवे असेल तर सेकंदाचा अडीचशेवा हिस्सा किंवा त्याहून कमी वेळच दार उघडले पाहिजे, आणि तेवढ्यात पुरेसा प्रकाश आत यायचा तर एफ/२.८ ला तसा पर्याय नाही. बसलेला गवई टिपायचा असेल तर गोष्ट निराळी. तिथे ते यंत्र सोन्यासारखे उपयोगी पडते आणि एफ/४ वरही भागते.

जे एका आशेने हे भिंग घेतात त्यांना दोन ठिकाणी मात्र ते निराश करते, आणि विकणारा हे आपण होऊन सांगत नाही. पहिले ठिकाण क्रिकेट. सीमारेषेवर बसून सत्तर मीटरांवरच्या फलंदाजावर दोनशेचे भिंग रोखले, तर चौकटीत साडेआठ मीटर उंचीचा देखावा येतो. साडेपाच-पावणेसहा फुटांचा आपला फलंदाज त्यात पाचव्या हिश्शाएवढा. दुसरे ठिकाण रोहित. ठाण्याच्या खाडीत हे पक्षी हजारोंनी उतरतात. २०१५ साली ती खाडी त्यांचे अभयारण्य म्हणून जाहीर झाली. शिवडीच्या धक्क्यावर हिवाळ्यात हौशी मंडळींची जत्रा भरते. पण ओहोटीला पक्षी शंभर मीटर दूर सरकले, की मीटरभर उंचीचा रोहित चौकटीच्या बाराव्या हिश्शाएवढा उरतो. गुलाबी अगरबत्तीच म्हणा ना! मग दुप्पट करणारा जोड-तुकडा लावावा लागतो. पल्ला चारशे होतो खरा, परंतु प्रकाश चौथाईवर येतो. म्हणजे ज्यासाठी एवढे पैसे टाकले तेच हातचे जाते. पक्षीच हवे असतील तर वेगळे, अधिक लांब भिंग घ्यावे.

मग हे कशासाठी उत्तम? माणसांसाठी. हे मी फार विचार करून लिहीत आहे.

हातभर अंतरावरून मोबाइलने काढलेल्या चेहऱ्यात नाक नेहमी मोठे दिसते. त्यात त्या नाकाचा दोष नसतो. कॅमेरा नाकापासून पन्नास सेंटिमीटरवर आणि कानापासून साठ सेंटिमीटरवर. तेव्हा नाक पाचवा हिस्सा वाढूनच येणार. तेच तीन मीटर मागे सरका: नाक आणि कान यांच्या अंतरातला फरक नगण्य होतो आणि चेहरा आपल्या ओळखीचा दिसू लागतो. ही करामत अंतराची, भिंगाची नव्हे. भिंग फक्त तेवढ्या दुरून चौकट भरून देते. शिवाय तीन मीटरांवर एफ/२.८ ने नीट स्पष्ट दिसते ती जेमतेम चार सेंटिमीटर खोलीची पट्टी. डोळे धरले तर कान विरघळतात, आणि पाठीमागचे लग्नाचे कार्यालय, त्यातल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, ‘शुभविवाह’ची झालर हे सारे धुक्यात जाते. आपल्याकडच्या कार्यालयांची सजावट पाहता ही सोय लहान नव्हे.

पण याहूनही मोठी गोष्ट दुसरीच आहे. आमचे एक स्नेही आहेत. त्यांच्या मातुःश्री कॅमेरा समोर आला की जन्मठेप झाल्यासारख्या बसत. पदर डोक्यावर, हात मांडीवर, ओठ घट्ट. घरात पन्नास वर्षांचे फोटो होते आणि एकातही त्या हसल्या नव्हत्या. पुतणीच्या लग्नात स्नेह्यांनी हे भिंग आणले होते. पंगत उठली होती. मातुःश्री आणि त्यांची धाकटी बहीण कोपऱ्यातल्या सतरंजीवर बसून कोणाची तरी नक्कल करीत होत्या. स्नेही हॉलच्या दुसऱ्या टोकाला होते. त्यांनी तिथूनच एक फोटो घेतला. त्यात ती ऐंशीच्या घरातली बाई तोंडाला पदर लावायलाही विसरून, दात नसलेल्या हिरड्या दाखवीत हसते आहे. पुढच्याच वर्षी त्या गेल्या. तेराव्याला कोणता फोटो ठेवायचा यावर घरात वाद झाला. थोरल्या भावाचे म्हणणे, हा बरा दिसत नाही, गंभीर असा ठेवा. धाकटी मावशी काठी टेकीत पुढे आली आणि म्हणाली, “अरे, तो गंभीर फोटो तुमच्या आईचा असेल. माझी ताई ही आहे.” तोच ठेवला गेला. भिंगाच्या किमतीविषयी त्या घरात त्यानंतर कोणी बोललेले नाही.

दुरून पाहता येते, म्हणून माणूस माणसासारखा दिसतो. परंतु याच गुणामुळे हे भिंग घातकही आहे. ज्याला आपण टिपले जात आहोत हे ठाऊक नाही, त्याने होकार दिलेला नसतो. पंढरपुरात वारीच्या दिवसांत चंद्रभागेच्या वाळवंटात लांब भिंगे रोखून उभी असलेली शहरी मंडळी मी पाहिली आहेत. पात्रात स्नान करणाऱ्या बायाबापड्या त्यांच्या चौकटीत असतात. याला कोणी लोकजीवनाचे दर्शन म्हणो; मला तो उंबरठा ओलांडणे वाटते. आमच्या स्नेह्यांचा एक नियम आहे: दुरून फोटो घेतला की चालत जायचे, कॅमेऱ्याच्या पाठीवरचा पडदा त्या माणसाला दाखवायचा, आणि त्याने मान हलविली तर तिथल्या तिथे पुसून टाकायचा. या नियमापायी त्यांचे कित्येक चांगले फोटो गेले. त्यांच्याकडे आज जे आहेत, त्यांतल्या माणसांच्या घरी ते चहाला जाऊ शकतात.

घ्यावे की न घ्यावे, याविषयी माझे मत विचाराल तर आधी एक दिवसाच्या भाड्याने आणा. मोठ्या शहरांत ते सहज मिळते. दिवसभर गळ्यात घालून हिंडा, आणि संध्याकाळी मान काय म्हणते ते ऐका. वर्षातून दोनच समारंभ टिपायचे असतील तर भाडेच परवडते. जुने घेणार असाल तर मागच्या बाजूने आत विजेरीचा झोत टाकून पुढून पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर दुकानदाराने चहा मागविण्यापूर्वीच उठा. ती बुरशी.

आणि घरातल्या इतरांनाही भिंग हाताळू द्या. आमच्या स्नेह्यांच्या सौभाग्यवती गेल्या वर्षी जुने फोटो चाळीत होत्या. त्या म्हणाल्या, “अहो, बारा वर्षांच्या फोटोंत तुम्ही कुठे नाहीच. उद्या नातवंडे विचारतील, आजीचे लग्न झाले होते का?” तेव्हापासून प्रत्येक समारंभात अर्धा वेळ भिंग बाईंकडे असते. त्यांचा हात यजमानांपेक्षा स्थिर आहे, हे त्यांनीच मला खासगीत सांगितले.

दिवाळीत पणत्यांच्या ओळीमागे मुलांना बसवा, तुम्ही चार-पाच मीटर मागे जा आणि भिंग सताड उघडे ठेवा. मागच्या आकाशकंदिलांची नुसती रंगीत वर्तुळे होतात. फुलबाजीच्या ठिणग्याही तेवढ्या दुरून काचेला पोचत नाहीत.

राहता राहिली निगा. कोकणपट्टीतल्या पावसाळ्यात हवेतला ओलावा साठ-सत्तर टक्क्यांवर राहिला की काचेवर बुरशी धरते, आणि ती काच कायमची खाते. चामड्याच्या पिशवीत भिंग ठेवू नये. चामडे ओल धरते. चाळीस ते पन्नास टक्के ओलावा राखणारे विजेचे कपाट मिळते. ते नसेल तर घट्ट झाकणाचा मोठा डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या. निळे दाणे गुलाबी झाले की ओल पिऊन तृप्त झाले असे समजावे. तापविले की पुन्हा निळे होतात. त्या निळ्या रंगात कोबाल्ट असते, म्हणून स्वयंपाकाची कढई त्यासाठी वापरू नये, मुलांच्या हातीही लागू देऊ नये. दिवाळीच्या साफसफाईत या पुड्या हमखास केरात जातात. तेव्हा डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावे, आणि फराळाच्या डब्यांपासून तो दूर ठेवावा.