कावळा मेला, दंड कोंबडीवाल्याला



जानेवारी 2025 मध्ये उदगीर शहरात कावळे मरून पडू लागले. नमुने भोपाळला गेले, बर्ड फ्लू निघाला, दहा किलोमीटरचा परिसर सतर्क म्हणून जाहीर झाला. रोग आहे म्हटल्यावर पाहणी व्हायलाच हवी, त्याबद्दल तक्रार नाही. पण कावळ्याला मालक नसतो. त्याच्या मरणाचा दंड भरतो कोंबडीवाला.

दिल्लीचं पाहा. जानेवारी 2021 मध्ये तिथे कावळे, बदकं मेली. सरकारनं गाझीपूरची कोंबडी मंडी बंद केली, बाहेरून जिवंत कोंबडी आणायला बंदी घातली. मग त्याच मंडीतले शंभर नमुने तपासले. एकातही रोग नाही! कुलूप निघालं, पण तेवढे दिवस विक्रीला तयार झालेली कोंबडी फुकट दाणे खात बसली, ते कुणाच्या खात्यावर मांडायचे? रानपक्ष्यांत रोग सापडला एवढ्यावरून कोंबड्यांचा व्यापार बंद करू नये, असं जागतिक पशुआरोग्य संघटनाच सांगते. हा नियम देशादेशांमधल्या व्यापाराचा. मग आपल्याच देशातल्या शेतकऱ्याला तो का नाही?

आता भरपाई. त्याच महिन्यात परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात कोंबड्यांतच रोग निघाला. एक किलोमीटरच्या आतल्या सगळ्या कोंबड्या मारायचं ठरलं. भरपाई कुणाची? सरकारनं मारलेल्यांची. तेव्हा अंड्यावरच्या मोठ्या कोंबडीला 90 रुपये होते, मांसाच्या कोंबडीला 70. रोगानं आधीच मेली तिला शून्य. अंतिम निदान भोपाळहून यायचं, आणि तोवर रोज जेवढ्या मरतील तेवढी सरकारची भरपाई वाचते. उशीर त्यांचा, तोटा आपला. शेकडो कोस दूर नुसत्या अफवेनं ज्याचा भाव पडला, त्याचं तर नावच कुठल्या यादीत नाही.

‘आम्ही कपाशीवाले, आमचा काय संबंध?’ असं म्हणू नका. पावसात काळी पडलेली ज्वारी, मका, सोयाबीनची पेंड शेवटी कोंबडीच्याच खाद्यात जाते. खुराडी ओस पडली की आपलंही गिऱ्हाईक गेलं.

रानपक्ष्यांवरून बाजार बंद करू नका आणि खबर दिल्यानंतर मेलेल्या प्रत्येक कोंबडीचे पैसे द्या, असे दोन ठराव या बैठकीत घ्यायचे आहेत. तोवर कुणाच्या कोंबड्या मरू लागल्या तर लपवू नका. त्याच दिवशी जनावरांच्या दवाखान्यात लेखी कळवा, जिवंत किती नि मेल्या किती ते अर्जात लिहा, आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.