सिनेमा नको, भाव सांगा!

रस्ता रुंद झाला की गाड्या वाढतात आणि इंटरनेट वेगवान झाले की दुकानदार नट होतात! 15 ऑगस्ट 1995 ला विदेश संचार निगमने ते आपल्याकडे सर्वांसाठी खुले केले, तेव्हा एक फोटो उमटेपर्यंत कपातला चहा निवायचा. म्हणून लोक मोजके लिहीत : पत्ता, फोन, भाव. 2016 साली जिओचे फोर-जी आले, 2022 साली फाइव्ह-जी आले आणि मोजकेपणा हद्दपार झाला.

आता एखाद्या मोटार भरणाऱ्याची वेबसाइट उघडा. आधी एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या चिमण्या, मग सनई, मग गॉगल लावून संथ चालीने येणारे मालक! अहो, शेतकऱ्याची मोटार जळलीय, कांदा सुकतोय. तो तुमची चाल बघत बसणार आहे होय? भरायचे किती घेता, किती दिवसांत देता, दुकान कोणत्या वारी बंद, एवढंच सांगा ना. नेमकं तेवढंच नसतं!

व्हिडिओला माझा विरोध नाही. जळकी तार काढून नवी कशी भरता ते दाखवा. दोन मिनिटं आनंदानं बघू. पण भाव आधी, दर्शन नंतर. वेग आला तो गिऱ्हाइकाचा वेळ वाचवायला. तुम्ही तो त्याचा वेळ खायला जुंपलात!