शंभर मिलीलिटरचा नियम काउंटरवरच सांगा

मे महिना जवळ आला की मुलामुलींकडे परदेशी निघालेल्या आईवडिलांची मुंबई विमानतळावर रीघ लागते. कोणी लेकीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला निघालेले असते, कोणी नातवंडे सांभाळायला लंडनला. घरी महिनाभर आधीपासून तयारी चाललेली असते. डिंकाचे लाडू, मेतकूट, भाजणी, कैरीचे नवे लोणचे, घरच्या लोण्याचे कढवलेले तूप. मोठ्या बॅगांचे वजन मर्यादेबाहेर गेले की सामानाची फेरवाटणी सुरू होते. मग लोणच्याची बरणी आणि तुपाचा डबा ‘फुटायला नको, सांडायला नको’ म्हणून हातातल्या पिशवीत येतात. घात होतो तो इथेच.

गेल्या आठवड्यात एका विमानतळावर मी हे जवळून पाहिले. सत्तरीच्या एक बाई होत्या. सुती पाचवारी साडी, पायात मुलीने पाठवलेले असावेत असे स्पोर्ट्‌स शूज. त्यांचा ट्रे एक्स-रे यंत्रातून बाहेर आला आणि बाजूच्या पट्ट्याकडे वळला. पिशवी उघडायला सांगितली. आत प्लॅस्टिकच्या एकावर एक तीन पिशव्या, त्यांना रबरबँड, त्याच्या आत स्टीलचा कडीचा डबा आणि झाकणाभोवती सेलोटेपचे चार वेढे. जवान हळू आवाजात म्हणाला, ‘‘माताजी, यह नहीं जाएगा.’’ मोठ्या बॅगा केव्हाच गेल्या होत्या, पासपोर्टवर शिक्का बसला होता, मागे फिरायला वाट नव्हती. बाईंनी दोनदा विचारून पाहिले, मग म्हणाल्या, ‘‘मग तुम्हीच ठेवा. घरचं तूप आहे, पोळीबरोबर खा. टाकू मात्र नका.’’ त्यालाही ते घेता येत नव्हते. डबा तसाच, टेपसकट, पिंपात गेला.

त्या जवानाचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. हा नियम कोणाच्या लहरीतून आलेला नाही. नोव्हेंबर १९८७मध्ये कोरियन एअरचे बगदादहून सोलकडे निघालेले विमान अंदमानच्या समुद्रावर स्फोटात नष्ट झाले आणि ११५ माणसे गेली. त्यातले द्रवरूप स्फोटक दारूच्या बाटलीतून आत नेलेले होते. डिसेंबर १९९४मध्ये फिलिपाइन एअरलाइन्सच्या टोकियोला निघालेल्या विमानात एका प्रवाशाचा जीव गेला, तेव्हा स्फोटक कॉन्टॅक्ट लेन्सच्या द्रावणाच्या बाटलीतून आले होते. तरीही जग ढिम्म होते. १० ऑगस्ट २००६ला ब्रिटिश पोलिसांनी एक कट उघडकीस आणला. हीथ्रोहून अमेरिका आणि कॅनडाकडे जाणारी किमान सात विमाने शीतपेयाच्या बाटल्यांत भरलेल्या स्फोटकांनी पाडायचा तो बेत होता. त्यानंतरच्या दिवसांत ब्रिटनच्या विमानतळांवर तान्ह्या बाळाचे दूधसुद्धा आईबापांना तपासणीवाल्यांसमोर चाखून दाखवावे लागत होते. कटानंतर द्रवांवर आलेल्या सरसकट बंदीऐवजी त्याच वर्षीच्या शरदात अमेरिकेने आणि युरोपीय संघाने आजचा नियम आणला आणि हळूहळू तो जगभर झाला. प्रत्येक डबी-बाटली जास्तीत जास्त १०० मिलीलिटरची, आणि त्या सगळ्या मिळून एक लिटरच्या एका पारदर्शक पिशवीत मावल्या पाहिजेत. मोजतात ते बाटलीचे माप, आतला माल नाही. त्यामुळे २०० मिलीलिटरच्या बाटलीत तळाशी चमचाभर खोबरेल असले तरी ती बाटली अडते.

नियमाच्या मुळाशी यंत्राची मर्यादा आहे. नेहमीचे एक्स-रे यंत्र सामानाचे सपाट चित्र दाखवते. धातू निळा दिसतो. अन्न, कापड, कागद, पाणी यांसारख्या सेंद्रिय किंवा हलक्या वस्तू नारिंगी छटेत दिसतात. पाणी आणि स्फोटक द्रव दोन्ही त्याच रंगात. पडद्यासमोर बसलेल्या माणसाला बाटली दिसते, बाटलीत काय आहे ते खात्रीने कळत नाही. म्हणून प्रमाणच कमी ठेवायचे, असा तो विचार आहे. २३ जून १९८५ला एअर इंडियाच्या ‘कनिष्क’ विमानात बॉम्बस्फोट होऊन ३२९ माणसे मेली, त्या देशाने तरी या सावधगिरीला नावे ठेवू नयेत.

माझी तक्रार वेगळी आहे. आपल्याकडे नियम करते नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरो, बहुतेक विमानतळांवर तो राबवते केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल, आणि प्रवाशाला तो कळतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. तिकिटाच्या ई-मेलमध्ये तो इंग्रजीत, बारीक अक्षरांत, सातव्या-आठव्या परिच्छेदात असतो. तिकीट काढतो मुलगा, तेही परदेशात बसून. प्रवास करते आई. काउंटरवर पॉवर बँक आहे का, लायटर आहे का हे विचारतात. लोणचे, तूप, श्रीखंड, मध, काकवी, कोकमाचे आगळ हातातल्या सामानात आहे का, हे सहसा कोणी विचारत नाही. आणि त्याच काउंटरवर ती वस्तू मोठ्या बॅगेत टाकायची शेवटची संधी असते.

गोंधळ वाढवणारी आणखी एक गोष्ट आहे. देशातल्या देशात उडताना पाण्याची बाटली सहसा कोणी अडवत नाही. शंभर मिलीलिटरची काटेकोर मोजणी आंतरराष्ट्रीय उड्डाणांना होते. नागपूरहून मुंबईला आलेला माणूस तीच बाटली घेऊन पुढच्या तपासणीला उभा राहतो आणि विचारतो, ‘‘नागपूरला सोडलं, मग इथे का अडवता?’’ त्याचा प्रश्न रास्त आहे. उत्तर द्यायला रांगेत कोणाला वेळ नसतो.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती औषधांची. नियमात औषधांना, बाळाच्या दुधाला आणि खाण्याला सवलत आहे, ती शंभर मिलीलिटरच्या वर चालतात. फक्त काढून दाखवावी लागतात आणि औषधांबरोबर डॉक्टरांची चिठ्ठी असलेली बरी. पण ‘द्रव चालत नाही’ एवढेच ऐकलेली वयस्क माणसे भीतीपोटी इन्सुलिन मोठ्या बॅगेत टाकतात. इन्सुलिन गोठले की निकामी होते आणि सामानकक्षातल्या गारठ्याचा भरवसा नसतो. शिवाय बॅग दोन दिवस उशिरा पोचली तर इन्सुलिनही दोन दिवस उशिरा. शुगरचा रुग्ण चौदा-सोळा तासांच्या प्रवासाला औषधाविना निघतो, आणि तेही ज्या नियमाने त्याला स्वच्छ सूट दिली आहे त्याच्या धाकाने. लोणचे गेले तर हळहळ वाटते. इथे जिवाशी गाठ आहे.

अमेरिकेला जाणाऱ्यांसाठी आणखी दोन बाबी. २०१८च्या जूनअखेरपासून तिकडे जाणाऱ्या विमानांत, हातातल्या सामानात साडेतीनशे मिलीलिटरच्या वर पूड असली तर ती जादा तपासणीत सापडू शकते, आणि खात्री पटली नाही तर काढून घेतली जाते. शीतपेयाच्या एका लहान डब्याएवढे ते माप. मेतकूट, गोडा मसाला, भाजणी, शेंगदाण्याची चटणी मोठ्या बॅगेतच भरावी. दुसरे म्हणजे ड्यूटी-फ्रीमधून घेतलेला परफ्यूम किंवा दारू. दुकानदार ती पारदर्शक, सीलबंद पिशवीत पावतीसह देतो आणि ते सील शेवटच्या मुक्कामापर्यंत फोडायचे नसते. अमेरिकेत पहिल्या विमानतळावर उतरल्यावर मोठ्या बॅगा हातात येतात आणि पुढच्या विमानासाठी पुन्हा द्याव्या लागतात. बाटली तेव्हाच बॅगेत घालावी. पुढच्या तपासणीत ती अडली तर वाद घालून काही उपयोग होत नाही.

नियम हलत नाही असे नाही. अख्खा नारळ आपल्याकडे केबिनमध्ये नेता येत नाही. पण शबरीमलाला इरुमुडी, म्हणजे नारळासह पूजेचे गाठोडे, घेऊन निघणाऱ्या अय्यप्पाभक्तांची मागणी आली तेव्हा ऑक्टोबर २०२४मध्ये केंद्र सरकारने २० जानेवारी २०२५पर्यंत ती सूट दिली, एक्स-रे, स्फोटकांच्या अंशाची चाचणी आणि हाताने तपासणी या अटींवर. सुरक्षेला धक्का लावला नाही आणि माणसांचीही सोय झाली. मला हा निर्णय मनापासून आवडला.

पुढे यंत्रेही बदलतील. रुग्णालयातल्या सीटी स्कॅनसारखी, सामानाचे चहूबाजूंनी चित्र घेऊन घनता सांगणारी यंत्रे आता आली आहेत. एडिंबरा आणि बर्मिंगहॅमने २०२५मध्ये दोन लिटरपर्यंतच्या बाटल्यांना मोकळीक दिली आणि ज्या हीथ्रोवरून हे सगळे सुरू झाले तिथेही जानेवारी २०२६पासून तसेच आहे. पण त्या मार्गातही ठेच लागली होती. २०२४च्या उन्हाळ्यात ब्रिटनने आणि सप्टेंबरपासून युरोपीय संघाने, नवी यंत्रे बसवलेल्या विमानतळांवरही शंभर मिलीलिटरची मर्यादा तात्पुरती परत आणली होती. शिवाय लंडनहून निघताना सुटलेली बाटली मधल्या विमानतळावर अडू शकते. यंत्रे सगळीकडे पोचेपर्यंत बरीच वर्षे जातील. तोवर जुनाच नियम धरून चाला.

हा नियम प्रवाशाला वेळेत सांगायला नवे यंत्र लागत नाही, कोटींचा खर्च लागत नाही. मुंबई, पुणे, नागपूरच्या आंतरराष्ट्रीय काउंटरांसमोर मराठीत ठळक फलक लावा. त्यावर ‘द्रव व जेल’ एवढेच न लिहिता लोणचे, तूप, चटणी, श्रीखंड, मध, खोबरेल यांची चित्रे छापा. त्याच फलकावर ‘इन्सुलिन व औषधे हातातच ठेवा’ असेही लिहा. बॅग पट्ट्यावर टाकण्याआधी प्रत्येक वयस्क प्रवाशाला हातातल्या पिशवीबद्दल एक प्रश्न त्याच्या भाषेत विचारा, आणि डबा निघाला तर मोठ्या बॅगेत टाकायला दोन मिनिटे द्या. त्यापायी वजन अर्धा किलो वाढले तर पैसे मागू नका. सुरक्षा दलाचे जवान आपले काम करत आहेत. प्रवाशाला वेळेत सांगण्याचे काम विमान कंपन्यांचे आहे आणि या सुट्टीच्या हंगामाआधी त्यांनी ते सुरू केले पाहिजे.