खोक्यातले घरचे

न्यू जर्सीला मुलाकडे गेलो होतो, तेव्हाची गोष्ट. शनिवारी सूनबाईने ब्राउनीच्या तयार मिश्रणाचे खोके फोडले आणि तासाभरात दोन डझन कुकीज पाहुण्यांपुढे ठेवल्या. "घरीच केल्यात," म्हणाली. इकडे आमची ही माझ्या कानात कुजबुजली, "खोक्यातलं ओतलं, नि म्हणे घरचं!"

सासू-सुनेच्या प्रकरणात मी एरवी तटस्थ राष्ट्र असतो. पण 'घरचं' या शब्दाचा निकाल एकदा लागायलाच हवा.

आमच्या लहानपणी मे महिन्यात 'घरची' नानकटाई व्हायची. म्हणजे आई मैदा, तूप, पिठीसाखर मळून द्यायची आणि मी डबा घेऊन बेकरीत नंबर लावायचा. भाजायचा तो बेकरीवाला. तेव्हा कुणी नाक मुरडले नाही. म्हणजे पीठ घरचे नि भट्टी परकी, तर नानकटाई घरची; आणि भट्टी घरची नि पीठ परके, तर कुकी बाजारची! हा कुठला न्याय? शिवाय हिच्या चकलीची भाजणी गेली दहा वर्षे दुकानातून येते, हे मी पाहुण्यांना कधी सांगितलेले नाही.

बरे, खोके म्हणजे आयते नव्हे. ब्राउनीचे पीठ सरसरीत असते. कुकीचा गोळा ट्रेवर टिकायला हवा, म्हणून पाणी वगळायचे, अर्धा कप मैदा वाढवायचा, दोन अंडी, थोडे तेल. मग ३५० अंश फॅरनहाइटवर दहा मिनिटे. हे काही त्या खोक्याने केले नाही. आठवडाभर नोकरी करून आलेल्या मुलीने केले.

अंड्याचे म्हणाल, तर पिट्सबर्गच्या डफ कंपनीने १९३० च्या सुमारास काकवी घातलेले तयार मिश्रण काढले, त्यात अंड्याची पूडसुद्धा होती. पण गृहिणीला ताजे अंडे स्वतः घालायला आवडते, हे १९३५ च्या त्यांच्या पेटंटात लिहून ठेवले आहे. व्यापाऱ्याला जे कळले ते सासवांना कळू नये?

हे सगळे मी रात्री हिला ऐकवले. ती शांतपणे म्हणाली, "एवढा पुळका आलाय, तर पुढच्या शनिवारी तुम्हीच करा."

केल्या. मधला भाग मऊ दिसला म्हणून पहिला ट्रे आणखी दहा मिनिटे आत ठेवला. त्याचे दगड झाले. मऊ असतानाच काढायच्या, गार झाल्या की धरतात, हे सूनबाईने सांगितले. दुसरा ट्रे जमला.

संध्याकाळी पाहुणे आले. बशी पुढे करीत ही कौतुकाने म्हणाली, "घ्या हो, ह्यांनी घरी केल्यात!"

खोके तेच होते. सूनबाईने माझ्याकडे पाहिले. मी कुकी तोंडात कोंबली आणि गप्प बसलो.