नियतीच्या नावावर

झांबियाच्या फुटबॉल संघाची कथा सांगून झाली की लोक हटकून म्हणतात, "अखेर नियतीने न्याय केला!" मला हे पटत नाही.

२७ एप्रिल १९९३ रोजी हा संघ विश्वचषकाच्या पात्रता सामन्यासाठी सेनेगलला निघाला होता. पैशांची चणचण, म्हणून प्रवास हवाई दलाच्या विमानाने, वाटेत इंधन भरत भरत. गॅबॉनची राजधानी लिब्रेव्हिल सोडल्यावर थोड्याच वेळात विमान समुद्रात कोसळले. सर्व ३० जण गेले. त्यांत १८ खेळाडू होते. कालुशा ब्वाल्या हॉलंडमधून वेगळा येणार होता, म्हणून तो वाचला.

पुढच्याच वर्षी नव्या संघाने आफ्रिका चषकाची अंतिम फेरी गाठली आणि नायजेरियाकडून २-१ अशी हार पत्करली. मग १२ फेब्रुवारी २०१२ रोजी, त्याच लिब्रेव्हिल शहरात, झांबियाने आयव्हरी कोस्टला पेनल्टी किकवर ८-७ असे हरवून तो चषक प्रथमच जिंकला. त्याआधी खेळाडूंनी समुद्रकिनारी जाऊन मृतांना फुले वाहिली होती. कालुशा तेव्हा देशाच्या फुटबॉल संघटनेचा अध्यक्ष होता.

हे वाचताना माझेही डोळे भरून आले. पण यात नियतीने काय केले? २००३ साली पुढे आलेल्या अहवालात म्हटले होते की, एक इंजिन बिघडले आणि थकलेल्या वैमानिकाने चुकून दुसरे, चांगले इंजिन बंद केले. अशा विमानातून त्यांना धाडले माणसांनीच. संघ पुन्हा उभा केला तोही माणसांनीच. नियतीचे नाव घेतले की पहिल्यांचा दोष झाकतो आणि दुसऱ्यांचे कष्टही.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. बारावी पास झाले तेव्हा गल्ली म्हणाली, "पोरीनं नशीब काढलं!" आई लोकांच्या शेतात खुरपायला जाते. तिच्या तळहातांचे घट्टे कुणाला दिसले नाहीत. गावात हायस्कूल नाही म्हणून ज्या मैत्रिणी घरीच राहिल्या, त्यांच्याही नशिबालाच बोल लागला.

लुसाकाच्या मैदानाशेजारी त्या खेळाडूंच्या कबरी आहेत. तिथे नतमस्तक होणाऱ्याने विजय जरूर आठवावा. पण ते विमानही विसरू नये.