पेटीतली कागदपत्रे आणि संगणक

घरोघरी एक पत्र्याची पेटी असते. शाळा सोडल्याचे दाखले, पगाराच्या चिठ्ठ्या, वीजबिले आणि आजोबांच्या शाळेचा पिवळा पडलेला उतारा, सगळे तिच्यात एकत्र. प्रवेशाची शेवटची तारीख आली की रात्रभर पेटी उपसली जाते. अनुसूचित जातीच्या अर्जदाराला जात पडताळणीत १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा विचारतात. तो एक कागद वेळेवर सापडला नाही, तर मुलाचे वर्ष वाया जाऊ शकते.

म्हणून बंधू-भगिनींनो, ज्या घरात संगणक शिकणारा मुलगा किंवा मुलगी आहे, त्या घराने हे काम अंगावर घ्यावे. लिनक्स ही प्रणाली फुकट मिळते व जुन्या संगणकावरही चालते. तिला टाइप करून हुकूम देता येतात. असे हुकूम एका फाईलीत ओळीने लिहून ठेवले की तिला स्क्रिप्ट म्हणतात. मग तेच काम संगणक न कंटाळता पुन्हा पुन्हा करतो.

रीत अशी आहे. 'आवक' नावाचा फोल्डर करावा. मोबाईलवर कागद स्कॅन करून त्याची पीडीएफ त्यात टाकावी. क्रॉन ही सोय दर दहा मिनिटांनी स्क्रिप्ट चालवते. ओसीआरमायपीडीएफ हा प्रोग्राम टेसरॅक्टच्या मदतीने छापील अक्षरे वाचतो. त्यासाठी मराठीची भाषाफाईल वेगळी बसवावी लागते. पीडीएफटूटेक्स्ट तो मजकूर बाहेर काढतो आणि ग्रेप त्यात शब्द शोधतो. 'उत्पन्न' सापडले तर फाईल दाखल्यांच्या फोल्डरात, 'वीज' सापडले तर बिलांच्या. काहीच जुळले नाही तर 'तपासा' फोल्डरात. नावात आधी साल, मग महिना, मग दिवस घालावा, म्हणजे कागद आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात.

मात्र काही पथ्ये पाळावीत. टेसरॅक्टला हाताने लिहिलेले नीट वाचता येत नाही आणि जुन्या शाळांच्या नोंदी हस्ताक्षरातल्या, काही तर मोडी लिपीतल्या असतात. अशा कागदांची नावे स्वतः टाइप करावीत. स्क्रिप्टने मूळ स्कॅन पुसू नये, वेगळा जपून ठेवावा. आरसिंकने पेनड्राइव्हवर दुसरी प्रत करावी व ती भरवशाच्या नातेवाइकाकडे ठेवावी. सायबर कॅफेच्या संगणकावर आधार कार्ड किंवा दाखले मागे सोडू नयेत. आणि स्कॅन झाले म्हणून अस्सल कागद टाकून देऊ नयेत. कचेरीत पडताळणीला तेच दाखवावे लागतात.

सुरुवातीला दहाच कागद घ्यावेत. ते बरोबर जागी गेले की मग पेटी रिकामी करायला घ्यावी. स्क्रिप्ट लेक लिहील, पण कोणता उतारा कोणाचा आणि कोणत्या गावचा, हे आजीच सांगू शकेल. तेव्हा आजी जवळ आहे तोवर तिला शेजारी बसवून हे काम उरकून घ्यावे.